शंका-समाधान : दाविदाची शिरगणती कोणी करवली?

या अंकासाठी घेतलेली चारही पत्रे यहुदी आणि ख्रिस्ती शास्त्रातील परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांविषयी आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. उत्तरे लहानमोठी आहेत, कारण प्रश्नांचे वजन सारखे नाही.

प्रश्न (वसई) : मी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, दावीद राजाने लोकांची गणती केली ती देवाने सांगितली म्हणून, की सैतानाने सांगितली म्हणून?" दुसरे शमुवेल, अध्याय २४ मध्ये देवाने असे आहे आणि पहिले इतिहास, अध्याय २१ मध्ये सैतानाने. तिने दोन्ही पाने उघडून माझ्यापुढे धरली. मी "पुढच्या रविवारी सांगते" म्हणाले, त्याला आता दोन रविवार होऊन गेले. तिला काय सांगू?

उत्तर : त्या मुलीला सर्वांत आधी हे सांगावे, की तिने नीट वाचले आहे. चूक तिच्या वाचण्यात नाही आणि भाषांतरातही नाही. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, 'वय्यासेत', म्हणजे 'त्याने भरीस घातले'. भरीस घालणारा मात्र एका ठिकाणी इस्राएलावर कोपलेला परमेश्वर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सैतान. पुढची कथा दोन्हीकडे जवळपास तीच आहे. सेनापती यवाब नको म्हणत असतानाही राजा गणती करवतो, मग त्याचे मन त्याला खाऊ लागते, गाद हा संदेष्टा त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवतो, माणसांच्या हाती पडण्यापेक्षा परमेश्वराच्या हाती पडलेले बरे असे राजा म्हणतो, आणि मरीत सत्तर हजार माणसे जातात.

शमुवेलाचा ग्रंथ जुना आणि इतिहासाचा नंतरचा. इतिहासाच्या अखेरीस इराणचा राजा कोरेश याचे, बंदिवासातील लोकांना परत जाऊ देणारे, इ.स.पू. ५३८ चे फर्मान येते, त्यामुळे हा ग्रंथ त्या आधी पूर्ण झालेला असू शकत नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमाचे मंदिर पाडले गेले, लोकांना बाबेलला नेले गेले आणि पुढे परतलेल्यांच्या पिढ्यांना आपला इतिहास पुन्हा सांगण्याची गरज पडली, तेव्हाचा हा ग्रंथ आहे. अभ्यासकांच्या मते त्याच्या लेखकापुढे शमुवेलाची कथा होती, कारण कित्येक उतारे त्याने जवळपास शब्दशः घेतले आहेत. म्हणजे परमेश्वराने दाविदाला भरीस घातले हे वाक्य त्याच्या डोळ्यांखालून गेले होते आणि ते त्याने समजून-उमजून बदलले.

का बदलले असावे? जुन्या काळच्या लेखकाला बरे आणि वाईट दोन्ही परमेश्वराच्याच हातून येते असे म्हणताना संकोच वाटत नसे. शौलाला छळणारा दुरात्मासुद्धा पहिल्या शमुवेलात परमेश्वराकडूनच येतो. बंदिवासाचे दुःख सोसलेल्या पिढ्यांना मात्र वेगळी टोचणी लागली असावी : देव स्वतःच माणसाला पापात ढकलून वर त्याला शिक्षा कशी करील? 'सातान' हा हिब्रूतला मुळात साधा शब्द आहे आणि त्याचा अर्थ विरोधक किंवा आरोप करणारा. ईयोबाच्या ग्रंथात तो उपपदासह, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दासह, येतो, जणू देवाच्या दरबारातील एका हुद्द्याचे ते नाव असावे. इतिहासाच्या या वचनात उपपद नाही. म्हणून अनेक अभ्यासक येथे ते विशेषनाम मानतात, तर काही जण 'कोणी एक शत्रू' एवढाच अर्थ घेतात.

परंपरेने दिलेले समाधान असे आहे, की देवाने सैतानाला मोकळीक दिली आणि सैतानाने दाविदाला भरीस घातले, म्हणून दोन्ही वचने खरी. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात असेच घडते, त्यामुळे हे समाधान निराधार म्हणता येणार नाही. पण ते मला अपुरे वाटते. एका श्रद्धावान लेखकाने दुसऱ्या श्रद्धावान लेखकाचे वाक्य हाती घेतले, त्यावर विचार केला आणि देवाविषयी वेगळे काही सांगितले, ही गोष्ट त्यात झाकली जाते. मला तर तीच सर्वांत मोलाची वाटते. त्याहून मोलाचे हे, की ज्यांनी हे ग्रंथ एका संग्रहात आणले त्यांनी नवे वाक्य आले म्हणून जुने खोडले नाही.

आपली विद्यार्थिनी पाने आणखी चाळील तेव्हा तिला आकडेही जुळणार नाहीत, म्हणून आपण आधीच तयार असावे. शमुवेलात इस्राएलाचे लढवय्ये ८,००,००० आणि यहूदाचे ५,००,००० आहेत. इतिहासात तेच ११,००,००० आणि ४,७०,००० आहेत. दुष्काळाची शिक्षा हिब्रू शमुवेलात सात वर्षांची आहे आणि इतिहासात तीन वर्षांची. येथे मात्र हातात काही धरता येते, कारण शमुवेलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही तीनच वर्षे आहेत आणि पुढच्या दोन शिक्षा तीन महिन्यांची पळापळ व तीन दिवसांची मरी अशा आहेत. तीन, तीन, तीन ही मांडणी मूळची असून 'सात' हा लेखनिकाच्या हातून शिरलेला आकडा असावा, असे मानायला जागा आहे. लढवय्यांच्या संख्येबाबत इतके ठाम काही सांगता येत नाही.

आणि शेवटी ते खळे. मरी थांबावी म्हणून दावीद एका यबूसी माणसाचे खळे विकत घेऊन तेथे वेदी बांधतो. शमुवेलात खळ्याच्या मालकाचे नाव अरवना आहे आणि खळे व बैल मिळून ५० शेकेल चांदी दिली जाते. इतिहासात नाव अर्णान आहे आणि त्या जागेसाठी ६०० शेकेल सोने दिले जाते. तालमुद या यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांच्या संग्रहात यावर दोन मते नोंदवली आहेत. एक असे, की राजाने बारा वंशांकडून प्रत्येकी ५० घेतले, त्यांचे ६०० झाले. दुसरे असे, की ५० मध्ये बैल, लाकडे आणि वेदीपुरती जागा आली आणि ६०० मध्ये पुढे जेथे मंदिर उभे राहिले ती सगळी जागा. दुसरे मत मला पहिल्यापेक्षा पटते, कारण इतिहासाच्या लेखकाचे लक्ष खरोखरच मंदिरावर आहे. शलमोनाने मंदिर याच खळ्यावर बांधले हे तो पुढे स्पष्ट सांगतो. अब्राहामाने पत्नीच्या दफनासाठी मकपेलाची गुहा ४०० शेकेल चांदी मोजून घेतली होती. मंदिराची जागा त्याहून स्वस्तात आली असे लिहिणे या लेखकाला रुचले नसावे, असा माझा अंदाज आहे.

वर्गात एवढे सगळे सांगण्याची गरज नाही. दोन्ही उतारे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत, आधी शमुवेल आणि मग इतिहास, आणि दुसऱ्या लेखकाला पहिल्याचे वाक्य का खटकले असेल, हे त्यांनाच विचारावे. आठवीतली मुले याचे उत्तर देऊ शकतात.

प्रश्न (सोलापूर) : दुसरे इतिहास, अध्याय २१ मध्ये यहोराम राजा ३२ व्या वर्षी गादीवर आला, ८ वर्षे राज्य करून वारला असे आहे. पुढच्याच अध्यायात त्याचा धाकटा मुलगा अहज्या ४२ व्या वर्षी राजा झाला असे आहे. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! माझा मित्र हे सगळ्यांना वाचून दाखवतो. मी काय उत्तर देऊ?

उत्तर : मित्राचे गणित बरोबर आहे, हे मान्य करावे. दुसरे राजे, अध्याय ८ मध्ये याच अहज्याचे वय २२ आहे, आणि तोच आकडा बरोबर असला पाहिजे. इतिहासाच्या काही ग्रीक हस्तलिखितांत आणि सिरियाक या प्राचीन भाषेतील भाषांतरातही ४२ हा आकडा नाही. हाताने नकला होत असताना शिरलेली ही चूक आहे, आणि यहोयाखीन राजाचे वयही असेच एका ग्रंथात १८ तर दुसऱ्यात ८ झाले आहे. यात धर्मतत्त्वाचा काही प्रश्न नाही.

विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. हिब्रू शास्त्राची मसोरा परंपरा सांभाळणारे पंडित अक्षरे आणि शब्द मोजून नकला तपासत असत. बाप चाळीस वर्षांचा आणि मुलगा बेचाळीस वर्षांचा हे त्यांना कळले नसेल, असे मी मानत नाही. पण आपल्याकडे जसे आले तसे पुढे द्यायचे, हे त्यांचे व्रत होते. मूळ ओळीतील अक्षर न हलवता वाचताना काय वाचावे हे समासात नोंदवण्याची पद्धत त्यांच्याकडे होती. या ठिकाणी त्यांनी तशीही नोंद केली नाही आणि आकडा तसाच ठेवला. आपल्या मित्राला आज ही चूक दाखवता येते ती त्यांच्या या प्रामाणिकपणामुळे, हे त्याला अवश्य सांगावे.

प्रश्न (अश्दोद, इस्राएल) : आमची आजी रेवदंड्याची. तिच्या माहेरच्यांना गाव 'शनवार तेली' म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आता येथे नातू विचारतो, की दहा आज्ञा दोन ठिकाणी वेगवेगळ्या का आहेत? निर्गम या ग्रंथात 'शब्बाथाचे (विसाव्याच्या दिवसाचे) स्मरण ठेव' आहे आणि अनुवाद या ग्रंथात 'शब्बाथ पाळ' आहे. सीनाय पर्वतावर देव नेमके काय बोलला?

उत्तर : याचे यहुदी परंपरेचे उत्तर आपल्या नातवाला बहुधा तोंडपाठ असेल. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचे स्वागत करताना 'लखा दोदी' हे गीत म्हणतात, त्याच्या पहिल्याच कडव्यात ते आहे : 'शामोर वे-जाखोर बे-दिब्बूर एहाद', पाळ आणि स्मरण ठेव, एकाच उच्चारात. सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी हे गीत रचले, पण विचार त्याहून पुष्कळ जुना, तालमुदमधला आहे. मुखाला जे उच्चारता येत नाही आणि कानाला जे ऐकता येत नाही, ते देवाने एकदम उच्चारले, असे तेथे म्हटले आहे. विसंगती आहे हे यात मुळीच नाकारलेले नाही. देवाचे बोलणे माणसाच्या एका वाक्यात मावले नाही, म्हणून ते दोन वाक्यांत आले, असा त्याचा भाव आहे.

मात्र फरक त्या एका शब्दापुरता नाही. शब्बाथ का पाळायचा, याचे कारणच दोन्हीकडे वेगळे आहे. निर्गमात कारण असे, की परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण असे, की तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढले, म्हणून तुझ्या दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. आता विसावा कोणाकोणाला द्यायचा, ती यादी दोन्हीकडची शेजारी ठेवून पाहावी. निर्गमात नुसते 'तुझी जनावरे' आहे. अनुवादात 'तुझा बैल, तुझा गाढव आणि तुझी सर्व जनावरे' असे आहे. रेवदंड्यात शनिवारी घाण्याचा बैल जोखडातून सुटत होता, तो या दुसऱ्या पाठात नावानिशी आला आहे. आजीची ही आठवण नातवाला सांगताना हे वचन त्याच्याकडून वाचून घ्यावे.

दोन वचनांचा मेळ बसत नसेल तर काय करायचे, हा प्रश्न यहुदी धर्मपंडितांनी टाळला नाही. शास्त्रार्थ लावण्याचे रब्बी इश्माएल यांचे तेरा नियम सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात आणि त्यांतला तेरावा नियम याच प्रश्नाचा आहे : दोन वचने एकमेकांना खोडत असतील, तर तिसरे वचन येऊन त्यांच्यात निवाडा करीपर्यंत थांबावे. विसंगती असणारच हे ज्यांनी रोजच्या प्रार्थनेत धरून ठेवले, त्यांच्या शास्त्रात कोणी विसंगती दाखवली तर त्यांनी दचकण्याचे कारण नाही.

यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाची गोष्ट तर आपल्या घराण्याला विशेष जवळची वाटावी. त्याच्या शेवटच्या अध्यायांतील यज्ञविधी तोराशी, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांशी, जुळत नाहीत. त्यांतल्या गणना या ग्रंथात अमावास्येच्या होमबलीसाठी दोन गोऱ्हे, एक मेंढा आणि सात कोकरे सांगितली आहेत, तर यहेज्केलात एक गोऱ्हा, सहा कोकरे आणि एक मेंढा. म्हणून हा ग्रंथ बाजूला ठेवावा अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा हनन्या बेन हिज्किया नावाचे पंडित माडीवर जाऊन बसले, त्यांच्या दिव्यासाठी तीनशे माप तेल वर नेण्यात आले, आणि मेळ लागेपर्यंत ते खाली उतरले नाहीत, असे तालमुद सांगते. त्यांनी नेमका काय मेळ लावला, हे तेथे सांगितलेले नाही. तीनशे माप तेल म्हणजे किती रात्री, हे घाण्यावर राबलेल्या माणसांना अधिक नेमके कळेल.

कधी कधी मात्र मेळ लावलाच जात नाही. दहा आज्ञांमध्येच वडिलांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असे आहे. यहेज्केल, अध्याय १८ म्हणतो, की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. यावर तालमुदमध्ये रब्बी योसे बार हनिना सरळ म्हणतात, की मोशेने एक ठरवले आणि यहेज्केलाने येऊन ते रद्द केले. इतक्या स्वच्छ शब्दांत हे म्हणण्याचे धैर्य मला फार थोड्या ठिकाणी दिसले आहे.

वल्हांडण, म्हणजे मिसर देशातून झालेल्या सुटकेचा सण, त्याच्या कोकराबाबत नेमके याच्या उलट घडले आहे. निर्गमात ते पाण्यात शिजवू नये, विस्तवावर भाजावे असे आहे. अनुवादात त्यासाठी 'बाशाल' हे क्रियापद आहे, ज्याचा नेहमीचा अर्थ शिजवणे. दुसरे इतिहास, अध्याय ३५ मध्ये योशीया राजाच्या काळच्या वल्हांडणाचे वर्णन येते, आणि लेखक लिहितो, की त्यांनी विधीप्रमाणे कोकरू 'विस्तवावर शिजवले'. मराठीत आपण वांगे विस्तवावर भाजतो, शिजवत नाही, आणि हिब्रूतही हा शब्दप्रयोग तसाच अवघडलेला आहे. एका आज्ञेतले क्रियापद आणि दुसरीतला विस्तव घेऊन त्याने दोन्ही आज्ञा एका वाक्यात पाळल्या. शास्त्राचा मेळ लावण्याचे काम शास्त्राच्या आतच सुरू झाले होते, हे दाखवणारे इतके लहान आणि स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रश्न (नाशिक) : मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा इस्कर्योत गळफास घेतो, प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून त्याचे पोट फुटते. मार्कात येशू शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन करतो आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर मरतो, योहानात वल्हांडणाचे भोजन अजून व्हायचेच असते. चार शुभवर्तमानांचे एकच का केले नाही? श्रद्धावानांचा गोंधळ तरी टळला असता.

उत्तर : एकच केले गेले होते. दुसऱ्या शतकात, इ.स. १७० च्या सुमारास, तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग कथा तयार केली. तिला 'दियातेस्सारोन', म्हणजे 'चौघांतून', असे नाव पडले आणि सिरियाक बोलणाऱ्या मंडळ्यांमध्ये ती कित्येक पिढ्या उपासनेत वाचली जात होती. पाचव्या शतकात सायरस येथील बिशप थिओडोरेट यांना आपल्या धर्मप्रांतात तिच्या दोनशेहून अधिक प्रती आढळल्या. त्या त्यांनी गोळा करून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने दिली. आपण सुचवता ती सोय मंडळीच्या हातात होती आणि तिने ती जाणून-बुजून सोडली.

यहूदाच्या मृत्यूविषयी मी थोडक्यात लिहितो. गळफासाची दोरी तुटून तो पडला, असा मेळ पूर्वीपासून लावला जातो. पण रक्ताचे शेत मत्तयात याजक विकत घेतात आणि प्रेषितांच्या कृत्यांत यहूदा स्वतः, तेथे दोरी उपयोगी पडत नाही. विश्वासघाताचा पैसा आणि रक्ताचे शेत एवढे दोन्ही आठवणींत समान राहिले आणि बाकीचा तपशील वेगवेगळ्या वाटांनी आला, असे मला वाटते.

वल्हांडणाच्या दिवसाचा प्रश्न अधिक खोल आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूचे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. योहानाच्या मते येशूला रोमी सुभेदार पिलाताकडे नेले तेव्हा यहुदी पुढारी वाड्यात शिरले नाहीत, कारण त्यांना अजून वल्हांडणाचे भोजन करायचे होते, आणि निकाल झाला तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस होता. त्याच दुपारी मंदिरात कोकरे कापली जात. योहानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला 'देवाचा कोकरा' म्हणतो, आणि येशूच्या मृत्यूनंतर त्याचे एकही हाड मोडले नाही हे सांगताना तोच लेखक वल्हांडणाच्या कोकराविषयीचे निर्गमातील शब्द वापरतो. एका साक्षीत येशू वल्हांडणाचे भोजन वाढणारा आहे आणि दुसरीत तोच वल्हांडणाचा कोकरा आहे. दोन वेगळ्या पंचांगांचा आधार घेऊन हे दोन दिवस जुळवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यांपैकी कोणताही मला समाधानकारक वाटला नाही. ऐतिहासिक दृष्टीने यांतला एकच दिवस बरोबर असणार, हे मान्य करण्यात मला अडचण वाटत नाही.

या फरकाचे पडसाद आजही दिसतात. कॅथलिक मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) बिनखमिराची भाकर असते, कारण वल्हांडणाच्या भोजनात खमीर चालत नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी खमिराची भाकर वापरतात, आणि अकराव्या शतकात रोम व कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जो दुरावा आला त्यात भाकरीचा हा वादही होता.

मेळ लावण्याचे प्रयत्न चुकीचे होते असे माझे म्हणणे नाही. संत ऑगस्टिन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास चार शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. शास्त्रात सत्याला सोडून काही दिसले तर नक्कल सदोष असेल, भाषांतरकार चुकला असेल किंवा आपल्यालाच अर्थ कळला नसेल, असे त्यांनी संत जेरोम यांना पत्रात कळवले होते. तिसरी शक्यता मोकळेपणाने मांडणारा हा माणूस मला आदरणीय वाटतो. आपल्या भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यातही ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध आणि सलग येते. पुराण सांगणाऱ्याला श्रोत्यांसमोर चार कथा सांगता येत नाहीत, एकच सांगावी लागते, आणि घरी मुलांना गोष्ट सांगताना आपणही तेच करावे.

उपासनेत मात्र कॅथलिक मंडळी आजही तसे करीत नाही. झावळ्यांच्या रविवारी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे जे वाचन होते, ते तीन वर्षांच्या फेऱ्यात पाळीपाळीने मत्तय, मार्क आणि लूक यांच्यातून असते, आणि त्याच आठवड्यातील गुड फ्रायडेला दरवर्षी योहानातून. म्हणजे येशूने वल्हांडणाचे भोजन केले असे रविवारी आपल्या चर्चमध्ये वाचले जाते, आणि पाच दिवसांनी त्याच वाचनमंचावरून, बहुधा त्याच श्रोत्यांपुढे, ते भोजन अजून व्हायचे होते असे वाचले जाते.